भरून पावलो

जुन्या खरेदीखताच्या अखेरीस एक ठरावीक वाक्य असते. जमिनीच्या चतुःसीमा सांगून झालेल्या असतात; तीवरील झाडे, विहिरीतील हिस्सा, वहिवाटीची वाट यांचा उल्लेख येऊन गेलेला असतो; आणि मग लिहून देणारा म्हणतो, की ठरलेली किंमत मी भरून पावलो, यापुढे या मिळकतीवर माझा वा माझ्या वारसांचा हक्क राहिला नाही. लेखनिकाने हे वाक्य शेकडो वेळा लिहिलेले असल्यामुळे त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण थोडे थांबून पाहिले तर व्यवहाराची बरीचशी नीती या दोन शब्दांत साठवलेली आहे असे दिसते. ‘भरून पावलो’ हे क्रियापद प्रथमपुरुषी आहे. माप भरले की नाही हे सांगण्याचा अधिकार ज्याने वस्तू सोडली त्याचा. देणाऱ्याने कितीही मोठी रक्कम मोजली तरी ‘तू भरून पावलास’ असे त्याला म्हणता येत नाही. म्हटले तर ती अरेरावी होते.

‘भरपाई’ हा शब्द याच कुळातला आहे. जुन्या व्यवहारात भरपाई म्हणजे फेडीची पूर्ण पावती: जे येणे होते ते सारे आले, अशी येणेकऱ्याने दिलेली कबुली. आज आपण हा शब्द उच्चारतो तेव्हा मात्र वाक्याचा कर्ता बदललेला असतो. भरपाई जाहीर होते, मंजूर होते, तिचे वाटप पूर्ण होते. ही सारी क्रियापदे देणाऱ्याच्या बाजूची आहेत. पावती फाडण्याचे काम आता देणेकरीच करतो आणि येणेकऱ्याने फक्त अंगठा उमटवायचा असतो. हा केवळ भाषेतील बदल आहे की त्यामागे नीतीतीलही काही बदल आहे, असा प्रश्न मला पडतो. आणि तो पडण्याचे निमित्त एक बंदर आहे.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोरा बंदराकडे जाणाऱ्या लाँचमध्ये बसले, की थोड्या वेळाने डाव्या हाताला घारापुरीचे बेट येते. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला हे बेट ‘एलिफंटा’ या नावाने ठाऊक असेल. बेट मागे पडू लागले की त्याच्या पलीकडून निळ्या-लाल रंगाच्या प्रचंड याऱ्या वर येतात. हे जवाहरलाल नेहरू बंदर, व्यवहारातले नाव न्हावाशेवा. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले. मुंबईचे जुने बंदर शहराच्या पोटात अडकले होते, त्याच्या गोद्यांभोवती वाढायला जागा नव्हती आणि पेट्यांतून, म्हणजे कंटेनरांतून, होणाऱ्या वाहतुकीसाठी ते बांधलेलेही नव्हते. नव्या बंदराची गरज खरी होती. २०२४-२५ या वर्षात या बंदराने ७३ लाख पेट्यांच्या आसपास वाहतूक केली. माझ्या टेबलावरील दिवा, औषधाच्या गोळीतील कच्चा माल, कदाचित हे पान ज्यावर छापले जाईल तो कागदही या याऱ्यांखालून आलेला असणे शक्य आहे. तेव्हा बंदर म्हणजे कुणा दुष्टाचे कारस्थान, अशी मांडणी मला करता येत नाही आणि करायचीही नाही. लाभार्थ्यांच्या यादीत मी आहे. प्रश्न तिथूनच सुरू होतो.

न्हावा आणि शेवा ही दोन गावांची नावे. जगभरच्या जहाजी कागदांवर आजही ती जोडून छापली जातात. शेवा गावाच्या कोळीवाड्यातील कुटुंबे मात्र १९८०च्या दशकात तेथून हलवली गेली आणि उरणजवळ नव्या वसाहतीत आली. तिला हनुमान कोळीवाडा म्हणतात. या वसाहतीच्या घरांना वाळवीने पोखरले, आणि एकदा पुनर्वसन झालेल्या लोकांना पुन्हा पुनर्वसनाची मागणी घेऊन वर्षानुवर्षे दारोदार फिरावे लागले. गावाचे नाव समुद्रावर फिरत राहिले आणि गाव वाळवीशी झगडत राहिले, असे म्हटले तर ते अलंकारिक वाटेल. पण वस्तुस्थितीच तशी आहे.

या परिसरात दोन प्रकारच्या गोष्टी गेल्या. एक जमीन, दुसरे पाणी. जमिनीची गोष्ट तुलनेने सांगायला सोपी आहे, कारण तिला कागद होता. सातबाऱ्याचा उतारा होता, गटक्रमांक होता, सरकारशी भांडण्याची एक रुळलेली भाषा होती. १८९४चा भूसंपादन कायदा हा त्या भाषेचा व्याकरणग्रंथ. या कायद्याची दोन कलमे एकापुढे एक ठेवून वाचावीत. तेविसाव्या कलमात असे आहे, की बाजारभावाने जी किंमत ठरेल तिच्यावर शेकडा १५ रक्कम आणखी द्यावी, कारण हे संपादन सक्तीचे आहे. १९८४च्या दुरुस्तीने हे प्रमाण शेकडा ३० झाले. त्याला इंग्रजीत दिलेले लॅटिन नाव सोलेशियम, म्हणजे सांत्वन. आपल्या सरकारी मराठीत दिलासा रक्कम. आणि लगेच पुढच्या, चोविसाव्या कलमात सांगितले आहे, की मोबदला ठरवताना मालकाची जमीन सोडण्याची अनिच्छा विचारात घेऊ नये. एका कलमात सक्तीची कबुली आणि सांत्वन, दुसऱ्या कलमात अनिच्छेकडे पाठ. ज्याने हा मसुदा लिहिला तो विसंगत नव्हता. त्याला नेमके ठाऊक होते की अनिच्छेचा हिशेब सुरू केला तर तो संपणार नाही. म्हणून त्याने ती एका ठोक टक्केवारीत बांधून टाकली आणि दार लावून घेतले.

जमिनीचे दार तरीही पुरते लागले नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे मेली, आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. या तत्त्वाविषयी बरेच काही बोलता येईल. ते अमलात यायला किती काळ गेला हा एक वेगळाच अध्याय आहे. मला त्यात एवढेच महत्त्वाचे वाटते की शेतकऱ्यांनी रक्कम वाढवून मागितली नव्हती फक्त. उद्या या जमिनीचे जे काही होईल त्यात आमचा वाटा ठेवा, असे ते म्हणत होते. हिशेब बंद करायला त्यांनी नकार दिला.

पाण्याला सातबारा नव्हता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या विसाव्या कलमाप्रमाणे भरतीरेषेखालील समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ ही राज्य शासनाची मालमत्ता आहे. शासनाने स्वतःच्या मालकीच्या खाडीवर स्वतःच्या गरजेसाठी भराव घातला, तर संपादन कोणाचे आणि मोबदला कोणाला? कायद्याच्या दृष्टीने तेथे काही गेलेच नाही. आणि तरी खाडी कोणाची हे कोळीवाड्यात सर्वांना माहीत होते. डोल लावण्यासाठी खुंट मारण्याच्या जागा ठरलेल्या असत, त्या बापाकडून मुलाकडे येत आणि त्यांवरून भांडणे होत. जेथे हक्क नाही तेथे भांडण होत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि त्याने मच्छीमारांकडून सहावा हिस्सा घ्यावा असा नियम आहे. राजाने ज्याच्याकडून वाटा घेतला त्याचे त्या पाण्याशी काही नाते आहे हे राजाने मानले, असा याचा अर्थ मी करतो. विसाव्या शतकातील संहितेत मात्र या नात्याला स्वतंत्र रकाना उरला नाही.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. भराव हा काही परक्याने आणलेला अपराध नाही. या किनाऱ्यावरील आगरी समाजाची भातशेती ज्या खारजमिनीवर उभी आहे ती खाडीलाच बांध घालून मिळवलेली. मिठागरेही तशीच. मुंबई शहर तर सात बेटांमधली खाजणे बुजवूनच एक झाले. तेव्हा ‘निसर्ग अस्पर्श होता आणि बंदराने तो भ्रष्ट केला’ हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. तरी खारबंदिस्तीत आणि बंदराच्या भरावात फरक आहे. खारबांधाला उघाड असते: ओहोटीला पाणी बाहेर सोडणारे आणि भरतीला बंद होणारे दार. ते दार कोणी सांभाळायचे, बांधाला खांड पडली तर रात्री कोणी धावायचे, यांचे नियम गावाचे असत. बंदराच्या भरावाला दार नसते. ‘भरती’ आणि ‘भराव’ हे दोन्ही शब्द ‘भरणे’ या एकाच धातूपासून आलेले आहेत. पण भरती सहा तासांनी परत जाते.

खाडीतून नेमके काय गेले? नोंदवहीत मासळीचे वजन येते. बोय, कोळंबी, चिंबोरी, जिताडा यांचे अमुक किलो, त्यांचा अमुक दर, अमुक वर्षे. हे मोजता येते आणि मोजले पाहिजे. पण या हिशेबात न येणाऱ्या गोष्टींपैकी एकीचा उल्लेख करतो. मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हे गणित ज्याला येते त्याच्या डोक्यात घड्याळ आणि पंचांग एकत्र चालते. केव्हा निघायचे, जाळे केव्हा उपसायचे, लग्न कोणत्या दिवसांत ठेवायचे नाही, हे सारे त्याला न विचारता कळते. या माणसाला खाडीपासून उचलून चार मैल आत वसवले तर त्याचे गणित कोणी काढून घेत नाही. ते त्याच्यापाशीच राहते, फक्त ते कशाचेच उत्तर देईनासे होते. एखाद्याची वस्तू घेतली तर तिची किंमत देता येईल. पण एखाद्याला जे येते ते निरुपयोगी करून टाकले, तर तो तोटा कोणत्या मापाने भरायचा? त्याला दुसरा धंदा शिकवता येईल, असे उत्तर मिळते. ते खोटे नाही. पन्नाशीच्या माणसाला ते सांगून पाहावे.

२०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने या पाण्याविषयी एक निकाल दिला. बंदराचा विस्तार आणि परिसरातील इतर कामे यांमुळे पारंपरिक मासेमारीला बसलेल्या फटक्याबद्दल उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या चार कोळीवाड्यांतील १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई द्यावी, असा तो निकाल. भागाकार केला तर कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार रुपये येतात. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. रकमेविषयी कोणाचे काहीही मत असो, सातबारा नसलेल्या माणसाचेही काही जाऊ शकते हे एका न्यायासनाने मान्य केले, ही गोष्ट लहान नव्हे. आकड्याला हसणे सोपे आहे. आकड्याआधीची शून्याची अवस्था आठवली की हसू येत नाही. मात्र हा आकडा बंदर सुरू झाल्यानंतर २६ वर्षांनी आला. त्या २६ वर्षांत ज्यांनी डोल गुंडाळून ठेवली आणि जे वारले, ते कशातच मोजले गेले नाहीत.

अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाला एक उत्तर दिलेले आहे आणि ते शांतपणे ऐकून घेण्यासारखे आहे. १९३९ साली निकोलस काल्डॉर आणि जॉन हिक्स यांनी असा निकष मांडला, की एखाद्या बदलात ज्यांचा फायदा होतो त्यांना, तोटा झालेल्यांचा तोटा भरून देऊनही काही शिल्लक उरत असेल, तर तो बदल हितकर मानावा. निकषाची मेख अशी, की भरपाई प्रत्यक्षात दिलीच पाहिजे असे नाही. ती देता येण्याजोगी असली की पुरे. द्यायची की नाही हा राजकीय निर्णय. त्या निकषाच्या कर्त्यांनी हे लपवले नव्हते. पण आपल्या सार्वजनिक जीवनात हा निकष जेव्हा नकळत उतरतो तेव्हा त्याची भाषा बदलते. ‘भरून देता येईल’ याचे ‘भरून दिल्यासारखेच आहे’ होते, आणि उरलेली पोकळी ‘त्याग’ या शब्दाने बुजवली जाते. देशासाठी थोडा त्याग केला पाहिजे, असे प्रकल्पग्रस्तांना सांगितले जाते.

त्याग हाही प्रथमपुरुषी शब्द आहे. मी माझे सोडले तर तो त्याग. दुसऱ्याने माझे काढून घेतले आणि मग माझ्या त्यागाचे कौतुक केले, तर शब्दाचा अर्थच उलटा होतो. पारतंत्र्याच्या काळात याच उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात माणसे गोळीबाराला सामोरी गेली. त्यांनी केलेल्याला त्याग म्हणता येते, कारण घरी राहण्याची मुभा त्यांना होती. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला त्याग म्हणू नये आणि संमतीही म्हणू नये. ‘भरून पावलो’ या वाक्याला अर्थ येतो तोही याच कारणाने: विकणाऱ्याला न विकण्याची मोकळीक होती.

यावर रास्त आक्षेप येईल, की या न्यायाने कोणतेच बंदर, कोणतेच धरण, कोणताच रस्ता होणार नाही. एका माणसाच्या नकाराने हजारोंचे काम अडेल. मी कोणालाही असा अंतिम नकाराधिकार देत नाही. काही वेळा समाजाला सक्तीने घ्यावे लागते, हे मला मान्य आहे. दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे: कोळ्याच्या मुलाला तरी समुद्रावर जायचे आहे काय? पुष्कळांना नाही. त्यांना यारीवर, गोदामात, कार्यालयात काम हवे आहे, आणि बंदराविरुद्धची त्यांची मोठी तक्रार ते काम आम्हाला पुरेसे मिळाले नाही, ही आहे. शिवाय खाडी काही एकट्या बंदराने बिघडवलेली नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक कारखाने, महानगराचे सांडपाणी, खोल समुद्रातील बेसुमार यांत्रिक मासेमारी या सर्वांचा तीत वाटा आहे. कोणी किती भरायचे हा प्रश्न खरोखरच कठीण आहे.

हे सारे मान्य करूनही एक भेद उरतो. सक्तीने घ्यावे लागले, हे एक विधान आहे. घेतले पण फेडले, हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. आपण ज्याला भरपाई म्हणतो ती, ती दिल्यावर हिशेब मिटला असे समजण्याची सोय आहे. तिच्याऐवजी ऋण हा शब्द वापरून पाहिला तर काय होईल? आपल्या परंपरेत देवांचे, ऋषींचे, पितरांचे अशी ऋणे सांगितली आहेत, आणि ती फेडून एकदाचे मोकळे होण्यासाठी सांगितलेली नाहीत. त्यांची आठवण ठेवून रोज काहीतरी करत राहायचे असते. अर्थात या भाषेत धोका आहे. ‘आम्ही तुमचे ऋणी आहोत’ असे म्हणून काहीच न देण्याची कला आपल्या सभासंमेलनांत फार प्रगत आहे. म्हणून ऋणाची भाषा मी भावनेच्या अर्थाने घेत नाही, खतावणीच्या अर्थाने घेतो. ज्याच्या नावावर बाकी आहे त्याला येणेकऱ्याचे पत्र आले की उत्तर द्यावे लागते. त्याला दरवर्षी काही भरावे लागते. नवे कर्ज काढताना जुनी बाकी दाखवावी लागते.

ही शेवटची गोष्ट मी सहज लिहिलेली नाही. मुंबईच्या उत्तरेला पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात वाढवण येथे नवे बंदर व्हायचे आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली, ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये. त्याच्या कंपनीत ७४ टक्के वाटा न्हावाशेव्याच्या बंदर प्राधिकरणाचा आहे आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा. म्हणजे देणेकरी नवा नाही. येथे समुद्राला किनाऱ्याजवळ सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली मिळते, म्हणून जगातील सर्वांत मोठी कंटेनर-जहाजे लागू शकतील, हे बंदराच्या बाजूचे मुख्य कारण. ते भक्कम आहे.

वाढवणची कथा न्हावाशेव्याहून एका बाबतीत वेगळी आहे: येथे एकदा ‘नाही’ म्हटले गेले होते आणि ते ऐकलेही गेले होते. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तालुक्यासाठी एक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्याने १९९८ साली असा निर्णय दिला की येथे बंदर करता येणार नाही. धर्माधिकारी २०१९च्या जानेवारीत वारले. पुनर्रचित प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह परवानगी दिली. २५ वर्षांत समुद्र तोच होता. गरजा, तंत्र आणि आराखडा बदलला, असे सांगितले गेले. ते खरेही असेल. पण ज्या ‘नाही’ला मुदत असते त्यावर विसंबून आपले घर, होडी, मुलाचे शिक्षण यांचे बेत माणसाने कसे करावेत, याचे उत्तर त्या अटींत नाही.

वाढवणच्या आराखड्यात समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. २०१३च्या नव्या भूसंपादन कायद्याने एक चांगली सुधारणा केली: दिलासा रक्कम शेकडा १०० केली, आणि ज्यांची उपजीविका पाण्यावर अवलंबून आहे अशा मच्छीमारांना व नावाड्यांनाही बाधित कुटुंबांच्या व्याख्येत घेतले. मात्र व्याख्येची गाठ ‘जमिनीच्या संपादनामुळे’ या शब्दांशी बांधलेली आहे. जी जमीन अजून अस्तित्वातच नाही तिचे संपादन कोण करणार? ती समुद्रातून वर येईल तेव्हा तिला पूर्वीचा मालक नसेल, कूळ नसेल, वहिवाट नसेल. तिच्या पहिल्याच उताऱ्यावर बंदराचे नाव लागेल, आणि त्या जागी कधीकाळी कोणाची जाळी लागत होती हे कोणत्याही फेरफारात दिसणार नाही. म्हणून येथील मच्छीमारांसाठी जे काही व्हायचे ते वेगळ्या धोरणाने, वेगळ्या यादीने व्हायचे आहे.

आणि यादी करायला बसले की पुन्हा तोच प्रश्न दुसऱ्या तोंडाने समोर येतो. मोजायचे कोणाला? परवाना होडीचा असतो, म्हणून होडीचा मालक आधी मोजला जातो. तांडेल आणि खलाशी वाट्यावर काम करतात; वाटा तोंडी असतो. मासळी किनाऱ्याला लागली की तिचा कारभार बहुतेक बायकांच्या हाती जातो. बोंबील वलांडीवर वाळत घालणे, निवडणे, पाटी घेऊन बाजाराला जाणे, उधारी वसूल करणे, हा निम्म्याहून अधिक धंदा. पण त्याला परवाना नाही आणि सर्वेक्षणाच्या कागदात त्याला ‘सहायक’ म्हणतात. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या बाईकडे होडीही नसते. तिचा दिवस खाडीवर चालतो, आणि खाडीवर तिचा हक्क असल्याचा पुरावा म्हणजे तिच्या पायांवरच्या शिंपल्यांच्या चिरा. गणना जून-जुलैत झाली तर मासेमारीबंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि धंदा निजलेला दिसतो. भरपाईची रक्कम कमी की जास्त हा वाद पुढचा. पावती कोणाकडून घ्यायची हेच आधी ठरलेले नसते.

बऱ्याच वर्षांपूर्वी खाडीकाठच्या अशाच एका हलवलेल्या वस्तीत एका घरी गेलो होतो. घरधन्याच्या मागे त्याची बायको राहत होती. पत्र्याच्या पेटीतून तिने नवऱ्याचा जुना होडीचा परवाना, रेशनपत्रिका आणि एका कागदाची छायाप्रत काढून माझ्यापुढे ठेवली. वाचून दाखवा म्हणाली. ठरलेली रक्कम मला पूर्णपणे मिळाली असून यापुढे माझी वा माझ्या वारसांची कोणतीही मागणी राहणार नाही, असा मजकूर होता. नावाच्या जागी शाईने नाव भरलेले, खाली अंगठा, तारखेची जागा कोरी. मी वाचून संपवल्यावर तिने विचारले, की हे वाक्य त्यांनी सांगून लिहवले होते का. छापील आहे, असे मी सांगितले. तिने कागद घडी करून परत पेटीत ठेवला आणि चहा टाकायला आत गेली.